वाती वळण्याला दहापैकी किती?

हे मी माझ्या हातानं लिहिलेलं नाही. मी बोलते आहे आणि माझे यजमान श्रीकांत समोर बसून टाइप करताहेत. मध्येच थांबून "अगं, हे कशाला घालतेस?" असं विचारतात. मी म्हणते, "टाइप करा मुकाट्यानं." तर असं आमचं चाललंय.

मला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि आजच्या घडीला स्कॅनमध्ये काही दिसत नाही. पण माझ्या बोटांची जाणीव गेली ती गेलीच. बोटं जागेवर आहेत, हलतात, फक्त टोकांना काही म्हणजे काही कळत नाही. हे टळण्यासारखं होतं. ते का टळलं नाही, तेवढंच मला सांगायचंय. तुमची केमो चालू असेल, किंवा तुमच्या घरात कुणाची चालू असेल, तर कृपा करून शेवटपर्यंत वाचा. औषधांची नावं आणि रक्ताचे आकडे यात सापडणार नाहीत. ते डॉक्टरांना विचारा, त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्या दिवशी

मी कोलकात्यातच जन्मले. माझे आजोबा नोकरीला म्हणून इकडे आले आणि राहिले. श्रीकांत बँकेच्या बदलीवर आले, माझ्याशी लग्न करून बसले आणि त्यांचंही परत जाणं राहून गेलं. आमची एकुलती एक मुलगी मधुरा बंगळूरला असते.

गणपती आठवड्यावर आले होते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी वाती आणि कापसाची वस्त्रं करायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे रिपोर्ट घ्यायला हॉस्पिटलात गेलो तेव्हाही माझ्या पिशवीत कापूस होता. नंबर येईपर्यंत मी बाहेर बाकावर वाती वळत बसले होते. बाजूच्या बाईनं कौतुकानं विचारलंसुद्धा, "शोलते?" बंगालीत वातीला तेच म्हणतात.

आत गेल्यावर डॉक्टर जे बोलले ते सगळं ह्यांच्याकडे बघून. पेशंट मी, आणि बोलणं ह्यांच्याशी! मला राग आला होता, आणि त्या रागात असतानाच तो शब्द आला. ह्यांनी एकदम माझा हात धरला. माझ्या मुठीत एक अर्धी वळलेली वात राहिली होती, ती चुरगळली.

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की अगं बाई, आता मंडळाच्या वाती कोण करणार? मरणाचा विचार नंतर टॅक्सीत आला, बायपासवर सिग्नलला. इतकी भीती वाटली की टॅक्सी कडेला घ्यायला लावावी लागली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ओकत होते आणि हे माझ्या पाठीवरून हात फिरवत "काही नाही, काही नाही" म्हणत होते.

माझी नोकरी

हे मध्येच का, असं वाटेल. पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी केंद्र सरकारच्या सर्वेक्षण खात्यात होते. लोक दिवसभर काय करतात, त्यातलं काम किती, आराम किती, विरंगुळा किती, हे घरोघरी जाऊन विचारायचं. "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलंत?" मग प्रत्येक अर्ध्या तासाला एक कोड द्यायचा. सियालदहहून लोकल धरायची, कुठल्या तरी स्टेशनला उतरायचं, आणि दुपारच्या उन्हात लोकांच्या दारात उभं राहायचं. उभा जन्म मी लोकांचा वेळ मोजला.

आमच्या कामात एक नियम असतो. बाईला विचारायचं तर शक्यतो एकटीला विचारायचं. नवरा शेजारी बसला की उत्तर नवऱ्याचं येतं. बजबजच्या एका ज्यूट मिलच्या चाळीत मी एका बाईला विचारलं होतं, दुपारी काय करता? खाटेवरून तिचा नवरा म्हणाला, "घुमोय." झोपते म्हणे. तिच्या हातात तेव्हाही शिवायला घेतलेली गोधडी होती, माझ्याशी बोलताना तिची सुई चालूच होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, हो, झोपते. खात्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी ही गोष्ट सांगत असे.

दुसरं माझं काम म्हणजे खोटे आकडे पकडणं. घरी बसून मनानं कागद भरणारे महाभाग असतातच. सगळीकडे दहा, सगळीकडे दहा असं दिसलं की माणूस नवखा. मुरलेला माणूस सात घालतो, आठ घालतो, मध्येच एखादा सहा पेरतो. ते खरं वाटतं. मी तेसुद्धा पकडायची.

आणि वाती? एकदा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात वाद झाला होता, की वाती वळणं कुठल्या खान्यात जातं. काम, विरंगुळा की उपासना? सगळे म्हणाले, अर्थात उपासना. मी म्हटलं, उपासना कसली डोंबलाची, मी तर नवऱ्याशी भांडत वळते. हसण्यावारी गेलं ते. पण खरंच होतं. संध्याकाळचा चहा झाला की मी दिवाणावर मांडी घालून कापूस घ्यायची, हे समोर पेपर घ्यायचे, आणि मग दिवसभराचं सगळं निघायचं. कोण काय बोललं, कुणाची बदली झाली, मधुराच्या शाळेत काय झालं. हात आपोआप चालायचे. चिमटीत कापूस किती आला हे बोटांना कळायचं, मला बघावं लागायचं नाही. माझं वाण्याशी, वरिष्ठांशी, सासूबाईंशी जे काही वाजलं असेल ते सगळं त्या तासाभरात निवून जायचं. ती माझी चैन होती. पण चैन म्हणून तिच्याकडे मी कधी पाहिलं नव्हतं.

सलाइनची खुर्ची

दुर्गापूजेचे ढाक वाजत होते तेव्हा मी ऑपरेशन होऊन घरी पडले होते. टाके सुकल्यावर केमो सुरू झाली. दर पंधरवड्याला सकाळी रक्त द्यायचं, आकडे बरे आले तर वर डे-केअरला जायचं, आणि मागे रेलणाऱ्या खुर्चीत दिवसभर सलाइन लावून बसायचं. पंप मधूनच ओरडतो. सिस्टर येते, बटण दाबते, जाते. आया मासी मुरी, म्हणजे आपले चुरमुरे, आणि चहा आणून देते. समोरच्या खुर्चीत मागच्या खेपेला असलेला माणूस या खेपेला नसतो, आणि कुणी काही विचारत नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

त्या औषधानं थंड काही सोसेनासं होतं. फ्रीजचं दार उघडलं तरी बोटांत टाचण्या टोचल्यासारखं व्हायचं. पाणी कोमट, फरशीवर मोजे, स्टीलच्या भांड्याला हात लावायचा नाही. हे मला लोकरीचे हातमोजे घालायचे आणि स्वतः माकडटोपी. कोलकात्याच्या त्या एवढ्याशा थंडीत! आमच्याकडे बघून सिस्टर हसायच्या. तेवढंच बरं वाटायचं.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बजावलं होतं, की मुंग्या येणं आणि जाणं चालेल, पण बोटं बधिर राहायला लागली तर लगेच सांगा. मी ऐकलं होतं. समजलंही होतं.

डे-केअरमध्ये शुक्लादी होत्या. माझ्याच वयाच्या, बारीक, चष्म्याच्या, पेशंटच्या मनाचं बघणाऱ्या समुपदेशक. सलाइन लागलं की त्या स्टूल ओढून बसायच्या आणि हिंदी-बंगालीच्या मिसळीत प्रश्न विचारायच्या. शून्य ते दहामध्ये उत्तर द्यायचं. रोजची कामं स्वतः करता येतात का? त्यात समाधान वाटतं का? आवडीच्या गोष्टीत मन रमतं का? हातापायांना त्रास आहे का? मला आतून हसू आलं. इतकी वर्षं मी स्टुलावर होते, आता खुर्चीत होते.

हे माझ्या शेजारी. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आठ लिखिए, मॅडम. खाना भी ठीक खाती है."

शुक्लादींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, आठ.

आराम

घरी माझ्या हातून सगळं काढून घेतलं गेलं. स्वयंपाकाला बाई आली. कपड्यांच्या घड्या हे घालायला लागले, वाकड्यातिकड्या. चहा करायला उठले की ओरडायचे, "तू फक्त आराम कर!" फोनवर मधुरा, तिच्या त्या कोलकात्याच्या मराठीत, "आई, तू टेन्शन घेऊ नको ना. तू पॉझिटिव्ह राहा. मी तुला कलरिंग बुक पाठवते, ऑफिसमध्ये सगळे करतात, खूप रिलॅक्स होते."

आलं ते पुस्तक. मोरांची चित्रं होती. शिवाय भजनांचं चॅनेल, हजार तुकड्यांचं कोडं, आणि दुपारी हे मला प्रवासवर्णन वाचून दाखवायचे. बिचारे घसा कोरडा पडेपर्यंत वाचायचे. मला त्यातलं अक्षर ऐकू यायचं नाही. मला घरात कुणाचा तरी पाहुणा असल्यासारखं वाटायचं, आणि तसं म्हणायची चोरी. एवढं सगळे करताहेत आणि ही तोंड वाकडं करते, असं झालं असतं.

एक कापूस तेवढा माझा राहिला होता. संध्याकाळी मी हातमोजे काढून तो हातात घ्यायची. मग थंडी सरता सरता एका संध्याकाळी लक्षात आलं, की चिमटीत कापूस आहे की नाही हे मला बघावं लागतंय.

दुसऱ्या दिवशीही तसंच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. वात पिळली जाईना, नुसता गोळा व्हायचा. ब्लाउजचे हूक लागेनात म्हणून मी दिवसभर गाऊन घालायला लागले. कप सुटला तर म्हणायची, ओला होता. कापूस कपाटात ठेवून दिला. ह्यांनी विचारलं, "आज वाती नाहीत?" मी म्हटलं, "दमलेय." त्यांना हायसं वाटलं. म्हणाले, "बरंच झालं, आराम कर."

आठ, सात, मध्येच सहा

मी का नाही बोलले? मला भीती वाटत होती. सरळ, साधी, घाणेरडी भीती. मी हात बधिर झाले म्हटलं की औषध थांबवणार, औषध थांबलं की ते दुखणं परत येणार, आणि मी मरणार, असा माझा हिशेब. शिवाय हे. प्रत्येक खेपेला सलाइन संपलं की लिफ्टमध्ये म्हणायचे, "चला, अजून एक झालं. सगळे पुरे व्हायलाच हवेत." ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा असायची ती मला मोडवेना. बोटं द्यायची आणि जीव राखायचा, ठरलं तर मग.

म्हणून शुक्लादी विचारायच्या तेव्हा मी माझी सगळी विद्या वापरली. सगळीकडे आठ नाही दिले. कामाला सात, समाधानाला आठ, झोपेला सहा, हाताच्या त्रासाला दोन, पुढच्या खेपेला तीन, त्याच्या पुढच्या खेपेला परत दोन. इतके बेमालूम आकडे माझ्या हाताखालच्या एकाही माणसानं कधी भरले नव्हते. ह्यांना वाटायचं, ही खरंच सुधारतेय. शेजारून मान डोलवायचे. एकदा शुक्लादी म्हणाल्या, "दादा, आपनि एकटू चा खेये आशून ना." तुम्ही जरा चहा पिऊन या म्हणजे. आमचा तो नियम त्यांनाही ठाऊक होता, त्यांना मला एकटीला विचारायचं होतं. मला ते तत्क्षणी कळलं. हे उठायलाही लागले होते. मी म्हटलं, "नको हो, बसा."

सगळे डोस पुरे झाले. एकही चुकला नाही.

बाहेर, पोर्चमध्ये

शेवटच्या डोसनंतरच्या तपासणीला डॉक्टरांनी सही करायला पेन पुढे केलं आणि ते माझ्या बोटांतून पडलं. त्यांनी उचलून दिलं. परत पडलं. मग त्यांनी टाचणी घेतली, मला डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, टोचतंय का? मी म्हटलं, टोचा ना. ते टोचतच होते.

"कधीपासून?"

मी सांगितलं. त्यांनी टाचणी खाली ठेवली. मग या खेपेला माझ्याकडे बघून म्हणाले, की तेव्हा कळलं असतं तर दोनपैकी बोटं बधिर करणारं ते एक औषध मी काढून टाकलं असतं आणि दुसरं चालू ठेवलं असतं. कितीतरी पेशंटचं आम्ही असं करतो, त्यानं फारसं बिघडत नाही. तुमची उत्तरं तर इतकी छान होती!

बोटं परत येतील का, विचारलं. म्हणाले, थोडी येतीलही, नाहीही.

पोर्चमध्ये टॅक्सीची वाट बघताना ह्यांचा बांध फुटला. चारचौघांत ओरडले, "मी प्रत्येक वेळी तुझ्या शेजारी बसलो होतो! प्रत्येक वेळी! तुला एकदा सांगता आलं नाही?"

"तुम्ही शेजारी होतात म्हणूनच," मी म्हटलं.

ह्यांनी तोंड फिरवलं. मग तरातरा गेटबाहेर निघून गेले. आणि परत आले, कारण माझी पिशवी त्यांच्याच खांद्याला होती.

विकतच्या वाती

त्यानंतर आमच्या घरात कामापुरतं बोलणं उरलं. जेवायचं का, गोळी घेतली का. मधुरा येऊन चार दिवस राहून गेली, रडली, माझे हात चोळून दिले. मी तिला म्हटलं, अगं, चोळलेलंही मला कळत नाही. तेव्हा ती जास्तच रडली. मला तसं बोलायला नको होतं, पण माझ्या तोंडाला तेव्हा चव नव्हती आणि लगामही नव्हता.

मग एके दिवशी हे गडियाहाटच्या बाजारातून वातींचं पाकीट घेऊन आले. मशीनवरच्या, पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या. मला ते पाकीट बघून जे झालं ते सांगता येत नाही. मी ते उचलून भिंतीवर मारलं. म्हटलं, "घाला माझ्या बोटांचं तेरावं!" केस गेले तेव्हा नाही, पोटावरचा व्रण पहिल्यांदा पाहिला तेव्हा नाही, त्या दिवशी मी हमसून हमसून रडले. माझी संध्याकाळ गेली होती. मी जिवंत होते, आणि संध्याकाळी काय करायचं हे मला कळत नव्हतं.

ह्यांनी खाली बसून पाकीट उचललं.

दुसऱ्या दिवशी चहानंतर मी हट्टानं कापूस काढला. बघून बघून, ओठ चावून वळायला लागले. एवढ्या वेळात पूर्वी वाटीभर झाल्या असत्या. त्या दिवशी कशाबशा दोन-तीन झाल्या, मध्ये जाड, टोकाला भुसभुशीत. दिवाणावर तशाच टाकून मी तोंड धुवायला गेले. परत आले तर हे देवापाशी उभे होते. त्यांनी माझी ती ओबडधोबड वात निरांजनात घातली होती आणि काडी लावत होते. ती पेटली, तडतडली, धूर झाला आणि विझली. त्यांनी बोटानं टोक नीट केलं आणि परत लावली. परत विझली. परत लावली.

मी विचारलं, "पाकिटातल्या कुठे गेल्या?"

"वरच्या मजल्यावरच्या बौदींना देऊन टाकल्या."

तेव्हापासून रोज तेच चाललंय. मी वाईट वाती करते, त्या विझतात, हे लावतात. मला त्यात सुख वाटतं असं म्हणणार नाही. पूर्वीचं काही परत आलेलं नाही. आरती धड पुरी होत नाही.

परवा

परवा स्कॅनचा रिपोर्ट घेऊन गेलो. स्वच्छ आला. शुक्लादींनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, परत तेच प्रश्न घेऊन. हे दारातच थबकले. म्हणाले, "मी बाहेर बसतो."

नियमाप्रमाणे त्यांनी बाहेरच बसायला हवं होतं. मीच लोकांना शिकवलेला नियम. पण म्हटलं, "कुठे चाललात? या, बसा इथे." मला त्यांच्यासमोरच बोलायचं होतं.

शुक्लादींनी विचारलं, रोजची कामं, आवडीच्या गोष्टी, विरंगुळा, यातून सध्या किती समाधान मिळतं? शून्य ते दहा.

जिभेवर सात आला होता. सवय वाईट. तो गिळला. मग शून्य म्हणणार होते, रागानं. पण रोज संध्याकाळची ती तडतडणारी वात आठवली आणि शून्यही खोटं ठरलं असतं. मला आता खोटं बोलायचं नव्हतं.

"एक," मी म्हटलं.

शुक्लादींचं पेन थांबलं. इतक्या महिन्यांची त्यांनाही सवय झाली होती, त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आता हे म्हणणार, नाही नाही, असं कसं, आठ.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एक लिखिए, मॅडम," हे म्हणाले.